सरांचा पुरावा

सर देवाला मानत नसत, पण देवाशिवाय त्यांचा एकही दिवस जात नसे. आमच्या तालुक्याच्या गावात देऊळ आहे, मशीद आहे, विहार आहे. तिथली माणसं आपापलं उरकून घरी जात. सर मात्र सकाळच्या पहिल्या चहाबरोबर देव काढून बसत आणि अंधार पडेपर्यंत त्याला सोडत नसत. देव ही कल्पना कुणाला सुचलीच नसती तर या माणसानं आयुष्यभर काय केलं असतं, असा प्रश्न मला पुष्कळदा पडला. शेतीत त्यांना गती नव्हती आणि पत्ते येत नव्हते.

मी त्यांचा विद्यार्थी. आठवी ते दहावी विज्ञान त्यांच्याकडं शिकलो, पुढं लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला आणि फिरून फिरून आमच्याच भागातल्या सरकारी दवाखान्यात लागलो. माझं काम थुंकी तपासायचं. खोकला हटत नसलेला माणूस छोट्या डबीत थुंकी घेऊन येतो. मी ती काचपट्टीवर पसरतो, रंग देतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या मैदानात लाल काड्या दिसल्या की रजिस्टरात त्याच्या नावापुढं तसं लिहितो. क्षय. सरांनी आठवीत मला कांद्याचा पापुद्रा दाखवला नसता तर मी या खुर्चीवर बसलो नसतो, असं मी शिक्षकदिनाच्या भाषणात सांगायचो. आता मला भाषणाला बोलावत नाहीत, ते एक बरं.

ज्या घराबद्दल पुढं लिहिणार आहे, त्या घरातल्या मुलीला विचारून लिहितोय. नावं बदलली आहेत. एकदा न विचारता नाव दिलं होतं, त्याचीच ही हकीकत आहे.

सर कुणाला नमस्कार करत नसत. राम राम, जय भीम, सलाम, जय मसीह, सगळ्यांना एकच उत्तर, "बोला." कुणी "बरं हाय का सर?" म्हणालं की सर थांबत आणि विचारत, "बरं म्हणजे काय? बीपी सांगू का शुगर सांगू?" समोरचा माणूस शेतावर निघालेला असे, त्याला दोन्ही नको असे. तरी सर दोन्ही सांगत. पायात चामडी चप्पल, खिशाला दोन पेनं, आणि खांद्याला कापसाच्या बियाण्याबरोबर फुकट मिळालेली कापडी पिशवी. त्या पिशवीत बायबल.

ते बायबल पाहण्यासारखं होतं. पानापानांत एसटीची जुनी तिकिटं खुणेला घातलेली, आणि प्रत्येक तिकिटाच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत शेरे. 'इथं कबरीपाशी एक देवदूत, तिथं दोन.' 'झाडं आधी, सूर्य नंतर. मग हिरवी कशी?' 'काईनाला बायको कुठून मिळाली?' तिकिटं इतकी झाली होती की पुस्तक मिटत नसे, म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेलं. गावातल्या एकाही ख्रिस्ती माणसानं ते पुस्तक इतक्या वेळा वाचलं नसेल. पास्टर तर उघड म्हणत, "आमच्या मंडळीत सरांएवढं नेमानं वचन वाचणारं कुणी न्हाई. प्रभू हळूहळू ओढायलाय त्यांना."

हे ऐकून सर चिडत. मला मजा वाटे, कारण ते खरं होतं.

पण सरांनी ख्रिस्ती लोकांनाच का धरलं, हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही बरेच दिवस मी ते स्वतःपाशी कबूल केलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला सर सगळ्याच देवांना सारखं बोलत. एकदा बसस्टँडसमोरच्या हॉटेलात ते मारुतीच्या उड्डाणाचा वेग काढत बसले होते. दुसऱ्या दिवशी शिक्षणसंस्थेच्या सचिवांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. सचिव देवळाच्याही ट्रस्टवर होते. दहा मिनिटांत सर बाहेर आले, पाणी प्यायले, आणि त्यानंतर मारुती कसाही उडाला तरी सरांची हरकत राहिली नाही. मशिदीच्या वाटेला ते पहिल्यापासूनच गेले नव्हते. विहारातल्या लोकांशी वाद घातला तर ते सरांपेक्षा दुप्पट वाचून येत. राहिलं कोण? गावाबाहेर पत्र्याचं शेड, त्यात रविवारी जमणारी तीस-पस्तीस माणसं, बहुतेक रोजंदारीवर जाणारी. परत मारायला कुणी येणार नाही असा देव सरांनी निवडला. त्यालाच ते विवेक म्हणत, आणि आम्हीही म्हणायचो.

घरी सरांच्या पत्नीचं देवघर होतं, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पडद्याआड. पडदा सरांच्या तत्त्वासाठी होता. सत्यनारायण झाला की सर पडद्याच्या अलीकडे बसून शिऱ्याची वाटी मागत. मी एकदा विचारलं, "सर, प्रसाद चालतो?" म्हणाले, "रवा, साखर, तूप. यात देव कुठंय, दाखव." दुसरी वाटीही त्यांनी याच तत्त्वावर घेतली.

रविवारी अकराला प्रार्थना सुरू होई, साडेअकराला सर शेडमध्ये मागच्या सतरंजीवर जाऊन बसत. गाणी संपेपर्यंत डोळे मिटून. मग प्रवचन झालं की हात वर. पास्टर त्यांना कधी हाकलत नसत. पास्टर मूळचे बोरीकडचे. आधी पंपाच्या जळालेल्या मोटारींची तार भरून द्यायचे, मग काहीतरी दर्शन झालं म्हणून या कामाला लागले. हसरे, गोड बोलणारे, आणि हजरजबाबी. पण त्यांच्याबद्दलही माझं मन आता स्वच्छ नाही. सरांना ते सहन करायचे त्यात प्रेम किती आणि गर्दी वाढते हा हिशेब किती, मला सांगता येणार नाही. सर यायला लागल्यापासून वाद ऐकायला म्हणून गावातली दहा-पंधरा रिकामी माणसं दाराशी उभी राहत. पास्टर त्यांनाही चहा द्यायचे.

एका रविवारी नोहाच्या जहाजाचं प्रवचन झालं. सरांनी हात वर केला.

"पास्टर, सगळे प्राणी जोडीजोडीनं घेतले. बरं. शेळ्या घेतल्या. त्यांना इतके महिने चारा किती लागला, ते सांगा. मी गुणाकार करून आणलाय."

पास्टर हसले. मंडळीत राणीसावरगावकडचा एक शेळ्या पाळणारा म्हातारा बसला होता. त्याच्याकडे वळून म्हणाले, "मामा, तुमी सांगा सरांला. शेळ्यांचं तुमाला कळतंय."

म्हाताऱ्यानं खरोखर विचार केला. "सर, चाऱ्याची काळजी न्हाई. शेळीला जहाजात ठिवलं तर ती आधी जहाजच खाईन."

सगळं शेड हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून तिकीट काढून लिहून घेतलं, 'जहाजाच्या लाकडाचा प्रश्न.'

पास्टरचं विज्ञानही ऐकण्यासारखं असे. मोबाइलवर जे येई ते पुराव्याच्या दर्जाचं. एकदा म्हणाले, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर हिशेब केला तर इतिहासातला एक दिवस कमी भरला, बायबलात यहोशवासाठी सूर्य थांबला होता तोच हा दिवस. सरांनी शांतपणे विचारलं, "कोणता वार होता?" पास्टर म्हणाले, "वार तेंला सापडला न्हाई." सर म्हणाले, "दिवस सापडला आणि वार सापडला नाही. म्हणजे म्हैस सापडली, पण काळी का पांढरी ते कळलं नाही." दाराशी उभ्या असलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना यहोशवाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि सूर्याशीही नव्हतं.

मी या सगळ्यात सरांचा मदतनीस होतो. इंटरनेटवरून कागद काढून द्यायचो. वादात सर अडकले की हळूच आकडा सांगायचो. माझं वय तेव्हा पंचेचाळिसाच्या पुढं, घरी मोठी झालेली मुलगी, दवाखान्यात मान. तरी सर "शाब्बास" म्हणाले की मला आठवीतल्यासारखं व्हायचं. माणसाला हे कधी संपवावं ते कळलं पाहिजे.

मग सर आणि पास्टर दोघांनी मिळून जाहीर वाद ठरवला. नाताळाच्या आधीचा रविवार, एका मंगल कार्यालयाचा हॉल, विषय 'प्रार्थनेनं आजार बरा होतो का?' पास्टर म्हणाले, आमच्याकडं साक्ष देणारी माणसं आहेत. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. हे त्यांच्यात दर रविवारी होतं. कुणाची शेळी सापडते, कुणाची दारू सुटते. पण पास्टरची हुकमाची साक्ष एकच होती, कौसाबाईची.

कौसाबाई चार किलोमीटरवरच्या गावची. नवरा शेळ्या राखतो, ती रोजानं जाते. दोन वर्षांपूर्वी ती हाडांचा सापळा झाली होती आणि प्रार्थनेनं उठली, असं पास्टर सगळीकडं सांगत. तिची मुलगी सारिका. तिचं लग्न पास्टरांनीच जमवलं होतं, जिंतूरकडच्या एका विश्वासू, म्हणजे प्रभूला मानणाऱ्या, कुटुंबात. बोलणी झाली होती, मुलगा-मुलगी एकमेकांना फोन करत होते.

कौसाबाई हे नाव सरांनी माझ्यापुढं काढलं तेव्हा मी गप्प बसलो. सर लॅबमध्ये आले होते, स्टुलावर बसले होते. माझं गप्प बसणं त्यांनी वाचलं. तीन वर्षं मला शिकवलं होतं, उत्तर येत असलेला मुलगा कसा दिसतो ते त्यांना माहीत होतं.

"म्हणजे तुझ्याकडं आहे ती," सर म्हणाले.

"सर, ते सांगायचं नसतं."

"मी कुठं सांग म्हणतोय? होय का नाही, एवढंच."

मी म्हणालो, "होय. सहा महिने गोळ्या घेतल्या तिनं. पूर्ण."

"शाब्बास," सर म्हणाले. मग उठता उठता, "पण तुझ्या होयला वजन काय? उद्या ती म्हणेल, खोटं. कागद पाहिजे."

मी रजिस्टर उघडलं आणि त्या पानाचा मोबाइलनं फोटो काढून सरांना पाठवला. दोन मिनिटांचं काम. मला कुणी धमकावलं नव्हतं, कसला लोभ नव्हता. एका निवृत्तीला आलेल्या मास्तरानं मला शाब्बास म्हणावं, एवढ्यासाठी मी ते केलं. त्या पानावर कौसाबाईसकट बारा नावं होती. मी फक्त तिचंच पाहिलं. सरांनीही.

त्या दिवशी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत जिंतूरकडचे पाहुणे होते, सारिकाचे होणारे सासू-सासरे, पास्टरांनी मुद्दाम बोलावलेले. कौसाबाई उभी राहिली. निळी साडी, डोक्यावर पदर.

"दोन सालं झाले," ती म्हणाली. "छातीत लय कळ यायची. रातच्याला घाम. वजन म्हणाल तर एका हातानं उचलावं इतकं. घरच्यांनी आस सोडली होती. प्रभूनं उठवलं मला. आज सोयाबीन काढायला जाते."

सर उठले. "बाई, किती दिवसांत उठवलं?"

"सहा महिने लागले."

"सहा महिने," सर लोकांकडं वळून म्हणाले. "बघा. देवालाही सहाच महिने लागतात. बरोब्बर सरकारी कोर्सएवढे."

हॉल हसला. मीही हसलो. मग सरांनी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या रजिस्टराचं पान आलं. कौसाबाईच्या नावाभोवती सरांनी लाल गोल केला होता. सर बोलत होते, की हा क्षयरोग, हा जंतू, या गोळ्या, यात देवाचा रकाना कुठंय ते दाखवा. चांगलं बोलत होते. पण त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. लोक पान वाचत होते. मोठ्यानं, एकमेकांना सांगत, वरून खाली. किराणा दुकानदाराची सून. एक जीपवाला. सरांच्याच शाळेतला चित्रकलेचा मास्तर. कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर आपल्याच गल्लीतला." दुसरा म्हणाला, "तवाच मनलं, हॉटेलात येईनासा का झाला."

कौसाबाई अजून उभीच होती. ती काहीतरी सांगत होती. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"गोळ्या खाल्ल्या की म्या. न्हाई कुठं मनले? गोळी गिळली की मळमळायचं, समदं उलटून पडायचं. रोज सकाळी गोळी हातात घिऊन पराथना करायची, तवा कुठं पोटात ऱ्हायची. आदीच्या साली तशाच गोळ्या मपल्या जावंनी अर्ध्यात सोडल्या. ती मेली."

विषय होता प्रार्थनेनं आजार बरा होतो का. त्या हॉलमध्ये या विषयावर कुणी काही खरं बोललं असेल तर तेवढंच. ते ना सरांनी ऐकलं, ना पास्टरांनी.

पुढच्या रांगेतला पाहुणा उठला. "पास्टर, टीबीचं घर हाय हे तुमी आमाला सांगितलं न्हाई."

पास्टर म्हणाले, "मला काय ठाऊक? मलाबी आताच कळायलंय."

हे खोटं होतं. आठवड्याच्या गोळ्या दवाखान्यातून पास्टरच घेऊन जायचे, त्यांच्या मोटारसायकलवरून. मी स्वतः त्यांच्या हातात दिल्या होत्या. साक्षीत गोळ्यांचं बोलू नका, साक्ष कमजोर होते, असंही तिला त्यांनीच बजावलं होतं. हे मला तिनं नंतर सांगितलं.

पाहुणे निघून गेले. लग्न तिथंच मोडलं. सरांनी मात्र त्या दिवसाचं वर्णन 'विज्ञानाचा विजय' असं केलं, आणि आम्ही सात-आठ जण बसस्टँडवर जिलेबी खायला गेलो. मी खाल्ली. पाव किलोच्या पुड्यातली निम्मी मीच खाल्ली असेन.

पुढचं मला दवाखान्यात कळायला लागलं, तेही हळूहळू. डब्या कमी झाल्या. कौसाबाईच्या गावातून तर येणंच थांबलं. पहिला महिना मला वाटलं, सुगीचे दिवस आहेत. मग सुगी संपली. वर्षभरात त्या गावातून एकही डबी आली नाही. वरिष्ठांनी बैठकीत त्या गावाचं कौतुक केलं, रोग आटोक्यात आला म्हणून, आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहून माना हलवल्या. मी घसा खाकरला आणि पाणी प्यायलो.

सरांना मी जाऊन सांगितलं. ते निवृत्त झाले होते, ओसरीवर तिकिटं लावत बसले होते.

"डब्या येत नाहीत म्हणजे रोग नाही," सर म्हणाले.

"सर, लोक येत नाहीत."

"तेच ते."

"तेच ते नाही. तुम्हीच शिकवलंय. पाहिलंच नाही तर नाही कसं म्हणायचं?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. क्षणभर मला वाटलं, पोचलं. मग म्हणाले, "तू अलीकडं पास्टरसारखा बोलायला लागलास." आणि पुन्हा तिकिटांकडं वळले. पडद्यावरच्या बारा नावांपैकी चित्रकलेच्या मास्तरानं बदली करून घेतली होती. त्याच्याबद्दल सर म्हणाले, "त्यात लाजायचं काय? जंतू आहे तो." बरोबर होतं. सरांचं सगळं बरोबरच असायचं.

हॉलच्या दिवसानंतर चौदा महिन्यांनी मी कौसाबाईच्या घरी गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून उठली नाही, पण पोतं पसरून दिलं.

"तो फोटो मी काढला होता," मी म्हणालो.

तिचे हात थांबले नाहीत. "ठाऊक हाय."

"कसं?"

"ते रजिस्टर तुमच्याबिगर कोण उघडतंय? पैल्या दिशी तुमी मला बसाया खुर्ची दिली व्हती. म्हणून ध्यानात हाय."

मी हात जोडले. म्हणालो, "माफ करा."

"दर रविवारी शिकवतेत आमाला, माफ करा म्हणून," ती म्हणाली. "तुमचं न्हाई जमायलं अजून. कोशिश करायली हाय."

तेवढ्यात घरातून खोकला ऐकू आला. पंचवीस वर्षं खोकले ऐकतोय. मी विचारलं, "सारिका का? किती दिवस झाले?"

"व्हईल म्हैना-दीड म्हैना."

"मी डबी देतो. उद्या सकाळची थुंकी फक्त."

"तुमच्या रजिस्टरात?"

मी म्हणालो, आता तसं होणार नाही, शब्द देतो. ती म्हणाली, "शब्द तवाबी व्हताच की. दवाखाना म्हंजे शब्दच असतोय न भाऊ." मी परभणीचं सुचवलं, नांदेडचं सुचवलं. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. कुठंही नाव नोंदवलं तरी ते फिरून आमच्याच तालुक्याला येतं आणि चौकशीला माणूस दारात उभा राहतो. सारिकासाठी दुसरं एक स्थळ चालून आलं होतं.

"एक करा," ती म्हणाली. "नाव तुमच्या घरातलं लिवा. मग देते डबी."

मला मुलगी आहे, एकच. परभणीला बी.एस्सी. करते. किती वेळ गेला मला माहीत नाही, पण सुपातल्या शेंगा संपल्या.

"बघा," कौसाबाई म्हणाली. "तुमालाबी इचार पडला का न्हाई?"

दारात सारिका येऊन उभी होती. बारीक झाली होती. म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे. त्येंला जाऊ दे."

मी डबी ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन घेऊन आलो, रंग दिला, पाहिलं. लाल काड्या होत्या, मोजायची गरज नव्हती इतक्या. रजिस्टरात मी माझं नाव लिहिलं. पुरुष, वय एक्कावन्न. हे नियमाच्या बाहेरचं आहे, आणि हे छापून आल्यावर माझी जी चौकशी व्हायची ती होवो. डॉक्टरांपुढं कागद ठेवला तेव्हा वजनाच्या रकान्यात चव्वेचाळीस किलो होतं. मी एकाहत्तरचा. डॉक्टरांनी आकडा पाहिला, मला पाहिलं, आणि चव्वेचाळिसाच्या हिशेबानं गोळ्या लिहून दिल्या. चहा पिताना फक्त म्हणाले, "त्या पेशंटला एकदा संध्याकाळी माझ्या घरी घेऊन या. तपासल्याशिवाय बरं नाही." ते शहाणे होते. त्यांनी नाव विचारलं नाही.

बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "आन् आपल्या पोरीचं?" मी म्हणालो, "त्यांच्याही पोरीचंच आहे." तिसऱ्या दिवशी तिनं सारिकासाठी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले.

मग मला टीबी झाल्याचं गावभर झालं. शिपाई माझा पेला वेगळा ठेवायला लागला. हॉटेलवाला चहा कागदी कपात द्यायला लागला. ज्या टेबलाशी बसून आम्ही विवेकाच्या गोष्टी करत होतो, त्या टेबलाशी मी बसलो की जागा होत असे. सर भेटायला आले नाहीत. घरात नातू आहे, संसर्ग नको, असा निरोप आला. दोन आठवडे गोळ्या घेतल्या की बहुतेकांचा संसर्ग थांबतो, हे मला याच माणसानं दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं. सहा महिन्यांत ते एकदाही आले नाहीत.

पास्टर आले. तिसऱ्याच दिवशी. माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, केळी दिली, आणि निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "बरं झाल्यावर साक्ष देताव का साहेब? तुमच्यासारख्या मान्साची लय वजनदार व्हईल." मी त्यांना सांगितलं, आधी चप्पल घाला, उजवी डाव्या पायात घालताय.

सहाव्या महिन्यात सारिकाची थुंकी स्वच्छ आली. माझ्या नावापुढं मी तसं लिहिलं. तिचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. नवऱ्याला तिनं लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं, हे मला तिच्याकडूनच नंतर कळलं. माझ्यापेक्षा त्या पोरीला जास्त धीर होता.

पण त्याआधी, नाताळच्या सुमाराला, शेडमध्ये कौसाबाई साक्षीला उभी राहिली. हॉलच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी तिथं नव्हतो, दाराशी उभ्या असणाऱ्यांनी सांगितलं. म्हणाली, "दवाखान्यातल्या भाऊंसाठी म्या सहा म्हैने रोज पराथना केली. त्येंचं नाव रजिस्टरात लागलं व्हतं. आता ते साफ बरे हायेत. प्रभूची स्तुती असो." आणि खाली बसली. पास्टर टाळ्या वाजवत होते म्हणे. ती हसत होती का, असं मी सांगणाऱ्याला विचारलं. त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. दहा महिन्यांतला पहिला. तब्येत विचारली नाही.

"ऐकलंस ना? आता तुझ्यावर देव लावलाय त्यांनी," सर म्हणाले. आवाजात जुना उत्साह होता. "पण यावेळी सोपं आहे. रजिस्टर तुझं, नाव तुझं, परवानगीचाही प्रश्न नाही. तू सहा महिने गोळ्या घेतल्या, तेवढ्या पानाचा फोटो टाक. रविवारी शेडमध्ये जाऊन त्या बाईचा चमत्कार फोडतो."

"सर," मी म्हणालो, "मी एकही गोळी घेतलेली नाही."

"काय?"

"एकही नाही."

सरांनी विचारलं, "मग तू बरा कसा झालास?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरांनी मला असा प्रश्न विचारला होता, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत नव्हतं. मी फोन ठेवला.